निर्णयाआधीचा अभ्यास

महाराष्ट्रातील सामाजिक कार्याचा इतिहास बहुधा चळवळींचा, संस्थांचा आणि त्या उभ्या करणाऱ्या व्यक्तींचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. त्या कार्याचा रोजचा कारभार कसा चालत असे, माहिती कोणाकडून कोणाकडे जात असे, निर्णय कोणत्या बैठकीत आणि कोणाच्या समक्ष होत, एखादी योजना फसली तर त्या फसण्याचा विचार कोण करत असे, या प्रश्नांना त्या लेखनात फारशी जागा मिळालेली नाही. परिणामी १९७० नंतरच्या दोन-तीन दशकांत राज्याच्या काही कोपऱ्यांत जी एक वेगळी कार्यपद्धती आकाराला आली, तिचे वर्णन त्याग, तळमळ आणि लोकसहभाग अशा शब्दांत होत राहिले. या पद्धतीला ‘अध्ययनकेंद्री’ म्हणता येईल. लोकांना आधीच ठरलेले काही शिकवणे असा तिचा अर्थ नाही. ज्यांच्या जीवनात बदल व्हायचा त्यांनी आणि बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांनी आपल्या परिस्थितीचा मिळून शोध घेणे, त्यातून कृती ठरवणे आणि कृतीचा परिणाम पुन्हा तपासणे, हाच कार्याच्या व्यवस्थापनाचा कणा मानणे, असा तिचा अर्थ आहे. अशा व्यवस्थेत नेता उत्तर देणारा उरत नाही. अभ्यास खंडित होऊ न देणे हे त्याचे मुख्य काम ठरते.

शिक्षण आणि समाजपरिवर्तन यांची सांगड महाराष्ट्राला अर्थातच नवी नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हापासून ज्ञान हाती आल्याखेरीज शोषितांची सुटका नाही ही धारणा इथल्या सुधारणावादी परंपरेत मुरलेली होती. विसाव्या शतकात राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत बौद्धिके होत, साम्यवादी पक्षाचे अभ्यासवर्ग चालत, आणि १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने गावेच्या गावे साक्षर करण्याचा ध्यास घेतला. या सर्व प्रयत्नांचे मोल मोठे असले तरी त्यांतील ज्ञानाची दिशा ठरलेली होती. विषय, पुस्तिका आणि निष्कर्ष वरून येत, आणि शिकणाऱ्याने ते आत्मसात करावेत अशी अपेक्षा असे. कोणता विषय अभ्यासायचा हे शिकणाऱ्यानेच ठरवावे, किंबहुना शिकवणाऱ्याचे चुकते आहे असे त्याने सांगावे, याची तरतूद त्या रचनेत क्वचितच होती.

ही तरतूद शोधण्याचा एक प्रारंभीचा आणि खडतर प्रयत्न तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या पालघरमधील, भूमिसेनेत दिसतो. या भागात १९४५ च्या वारली उठावाने आणि किसान सभेच्या कामाने वेठ आणि लग्नगडी या प्रथांना जबर धक्का दिला होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवराबायकोने सावकाराकडे राबत राहायचे, याला लग्नगडी पद्धत म्हणत. तरीही जमिनी सावकारांच्या ताब्यात राहिल्या होत्या आणि पावसाळ्यातील उपासमारीच्या दिवसांत घेतलेल्या खावटीच्या धान्यापायी कुटुंबे अडकतच होती. १९७० साली समाजवाद्यांनी भूमिमुक्तीचा सत्याग्रह केला. त्यात तुरुंगवास भोगलेले काळूराम धोदडे आणि त्यांचे सहकारी, प्रतीकात्मक सत्याग्रहाने जमीन हाती येत नाही हे पाहून, प्रत्यक्ष जमिनी परत मिळवण्याच्या कामाला लागले आणि त्यातून भूमिसेना उभी राहिली. या यशानंतर काही काळ तिने जी वाट धरली ती बोलकी आहे. मुंबईच्या हितचिंतकांच्या साह्याने कर्ज, सुधारित शेती आणि तज्ज्ञ व्यवस्थापन यांची योजना परिसरात आली. योजना सद्हेतूची होती, पण तिचे निर्णय तज्ज्ञांकडे गेले आणि कालपर्यंत जमिनीसाठी उभे राहिलेले आदिवासी लाभार्थी बनले. चळवळीला मरगळ आली.

त्यातून ती सावरली ती शिबिरांमुळे. अनेक पाड्यांतील स्त्रीपुरुष दोन-तीन दिवस एकत्र बसत, आपापल्या पाड्यावरील मजुरीची, कर्जाची, बांधून घेतलेल्या गड्यांची हकीकत सांगत, आणि एकाच तऱ्हेची फसवणूक सर्वत्र चालू असल्याचे ऐकता ऐकताच उमगत जाई. आणीबाणीच्या काळात वेठबिगारी रद्द करणारा अध्यादेश १९७५ साली निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. तेव्हा कागदावरील ही तरतूद आपल्या पाड्यावर कशी लागू करायची हा शिबिरांचाच विषय झाला. किमान वेतनासाठीचे लढेही याच मार्गाने गेले. बाहेरच्या माणसांनी माहिती द्यावी, मागितल्यास मत द्यावे, पण काय करायचे ते पाड्यांनी ठरवावे, असा दंडक या काळात दृढ झाला. जी. व्ही. एस. डी सिल्वा, निरंजन मेहता, अनिसुर रहमान आणि पोन्ना विग्नराजा या अभ्यासकांनी भूमिसेनेवर लिहिलेला प्रबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर हा प्रयोग आंतरराष्ट्रीय चर्चेत गेला. महाराष्ट्रात मात्र त्याची ओळख जमिनीच्या लढ्यापुरतीच राहिली, आणि ही उपेक्षा न्याय्य म्हणता येत नाही.

भूमिसेनेच्या शिबिरात अभ्यास होता, पण तो लढ्याच्या गरजेनुसार होई. लढा ओसरला की शिबिरही लांबणीवर पडे. अभ्यासाला नियमित वेळापत्रक देण्याचे, त्याला आठवड्याच्या बाजारासारखा ठरलेला वार देण्याचे काम अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे झाले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले होते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन त्यांनी १९७० साली जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांचा मूळ आराखडा त्या काळच्या उत्तम समजुतीला धरून होता. मध्यवर्ती रुग्णालय, फिरते पथक आणि गावोगावी राहणारी प्रशिक्षित परिचारिका अशी त्याची रचना होती. हा आराखडा पहिल्याच टप्प्यात अडला. तरुण, बहुधा अविवाहित आणि परगावची परिचारिका गावात एकटी राहायला राजी नसे, आणि राहिली तरी गावातील बाया तिच्याकडे बाळंतपणाची गोष्ट काढत नसत. गावातीलच एखादी बाई का निवडू नये, ही सूचना गावकऱ्यांकडून आली. ती स्वीकारताना डॉक्टरांना मोठी किंमत मोजावी लागली, ती म्हणजे वैद्यकीय ज्ञानावरचा आपला एकाधिकार सोडण्याची. कारण पुढे आलेल्या बायांपैकी बहुतेक निरक्षर, अनेक दलित, कित्येक विधवा किंवा टाकलेल्या होत्या.

या गाव आरोग्य सेविकांचे प्रशिक्षण एकदाच उरकले जाणारे नव्हते, आणि जामखेडच्या पद्धतीचे मर्म इथेच आहे. सेविका दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत आणि परत जात. पहिली बैठक गेल्या आठवड्यात गावात काय घडले याची असे. कोणाचे मूल हगवणीने सुकले, कोणत्या घरात लस टोचू दिली नाही, साखर-मिठाचे पाणी पाजायला सासू का तयार झाली नाही, हे सांगितले जाई. आणि त्या अडचणीवर उत्तर शोधताना डॉक्टरांपेक्षा शेजारच्या गावच्या सेविकेचा अनुभव पुष्कळदा उपयोगी पडे. त्यानंतर नवा विषय येई, आणि तो तक्तेचित्रे, गाणी व पुनःपुन्हा म्हणून दाखवणे यांच्या आधारे, पाटी-पेन्सिलीवाचून, शिकला जाई. जुन्या सेविका नव्यांना शिकवत. गर्भातील बाळाचे ठोके ऐकण्याची नळी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र या वस्तू त्यांच्या हाती दिल्या गेल्या, आणि ज्या ज्ञानाभोवती गूढतेचे वलय होते ते कानाने व हाताने पडताळता येऊ लागले.

प्रशिक्षणाचा दुसरा भाग कोणत्याही पाठात लिहिलेला नव्हता. सुरुवातीला वेगवेगळ्या जातींच्या बाया एकमेकींच्या हातचे खात नसत आणि शेजारी झोपत नसत. त्यांच्यासाठी एकच भले मोठे पांघरूण शिवण्यात आले आणि थंडीच्या रात्री सर्वांनी त्याखाली झोपण्याची पाळी आली. जातिभेद वाईट असल्याचे व्याख्यान देऊन जे साधले नसते ते या व्यवस्थेने साधले, असे म्हणायला हरकत नाही. याच दृष्टीने १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास विंधनविहिरी खोदताना हातपंप दलित वस्तीत बसतील असे पाहण्यात आले, म्हणजे पाण्यासाठी इतरांनाच त्या वस्तीत जावे लागे. शेतकऱ्यांची मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली, आणि गावच्या आरोग्याची पाहणी त्यांनी स्वतः करावी अशी घडी बसली. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ च्या सुमारास दर हजार जन्मांमागे १७६ असलेले बालमृत्यूचे प्रमाण १९९३ पर्यंत १९ वर आले. या घटीचे सर्व श्रेय एकट्या प्रकल्पाला देता येणार नाही, कारण त्याच काळात रस्ते, लसीकरण आणि उत्पन्न यांतही फरक पडला. परंतु घट जितकी मोठी आणि जितक्या लवकर झाली, ती पाहता सेविकांचा वाटा दुय्यम मानणे अवघड आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या, जगभरच्या लोकाधारित आरोग्यप्रयोगांच्या संकलनात जामखेडवर एक प्रकरण होते, आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दरम्यान २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने देशभर समाज आरोग्य कार्यकर्त्यांची योजना सुरू केली. गावाने निवडलेला कार्यकर्ता, अल्पकाळाचे प्रशिक्षण, औषधांची पेटी आणि थोडे मानधन असे तिचे स्वरूप होते. बाहेरून पाहता ही जामखेड आणि तशाच इतर प्रयोगांची विस्तृत आवृत्ती होती. प्रत्यक्षात शासनाने जामखेडकडून सेविकेचे पद उचलले, पण तिला दर आठवड्याला परत बोलावून तिचे ऐकणारी बैठक उचलली नाही. शिवाय निवडले गेलेले बहुसंख्य कार्यकर्ते पुरुष होते, आणि नेमणुकीत गावपुढाऱ्यांचा हात चालला. काही वर्षांतच योजना मानधनाच्या मागण्यांपुरती उरली. डेव्हिड कोर्टन या अमेरिकी अभ्यासकाने १९८० साली आशियातील पाच कार्यक्रमांच्या आधारे असे दाखवले की, यशस्वी कार्यक्रम पूर्वरचित आराखड्यातून निर्माण झालेले नसतात. ते आधी परिणामकारक होण्यास शिकतात, मग काटकसरीने चालण्यास आणि शेवटी विस्तारण्यास शिकतात. १९७७ च्या योजनेने यातील पहिल्या दोन पायऱ्या दुसऱ्याने चढलेल्या आहेत असे गृहीत धरून थेट तिसरीवर पाय ठेवला, आणि नंतरच्या कित्येक सरकारी योजनांनीही तोच कित्ता गिरवला.

जामखेडमध्ये शिकण्याची व्यवस्था अंतिमतः संस्थेची होती. बैठक संस्थेच्या आवारात होई आणि संस्था नसती तर ती भरली नसती. अभ्यासाची जागा संस्थेतून गावात नेणे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अभ्यास आणि निर्णय यांची फारकत करणे, हे पाऊल गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या लहानशा गावाने टाकले. त्याची पार्श्वभूमी १९८० च्या दशकातील आहे. गोदावरी आणि इंद्रावती या नद्यांवर इचमपल्ली व भोपालपट्टणम येथे नियोजित असलेल्या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले आणि त्यात या परिसरातील गावे सामील झाली. प्रस्तावित धरणे मागे पडली, पण आपल्या जंगलाचे आणि गावाचे काय, हा प्रश्न मागे राहिला. जयप्रकाश नारायण यांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल यांनी ‘वृक्षमित्र’ या संस्थेतर्फे जंगल आणि लोक यांच्या नात्याचा अभ्यास करण्यासाठी गाव शोधला, तेव्हा देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाशी त्यांचा संबंध जुळला. संस्थेने इथे कोणतीही योजना राबवली नाही. ती अभ्यासाला आली होती, आणि अभ्यास गावानेही करायचा होता. पुढे या बाहेरच्या भूमिकेला ‘सहयोगी मित्र’ असे नाव पडले.

गावाच्या कारभाराचे दोन भाग पडले. पहिला भाग ग्रामसभा. तिच्यात गावातील सर्व प्रौढ स्त्रीपुरुष बसत, आणि तिचे निर्णय सर्वसहमतीने होत. एकाचाही ठाम विरोध असेल तर निर्णय पुढच्या सभेवर जाई. दुसरा भाग अभ्यासगट. त्यात ज्याला यावेसे वाटेल त्याने यावे, बाहेरचा अधिकारी, वकील किंवा संशोधक बोलवावा, हवे तितके प्रश्न विचारावेत, वाद घालावा. परंतु अभ्यासगटाने निर्णय मात्र घ्यायचा नाही. वरवर पाहता हा नियम किरकोळ वाटतो, पण मेंढाच्या व्यवस्थेतील सर्वांत कल्पक भाग तोच आहे. निर्णयाचे ओझे नसल्यामुळे अभ्यासगटात मत बदलणे सोपे जाई आणि बाहेरच्या तज्ज्ञाला मोकळेपणाने बोलू देता येई, कारण त्याचे म्हणणे गावाला बांधील नसे. आणि बोलघेवड्यांची, चार पुस्तके वाचलेल्यांची छाप अभ्यासगटात पडली तरी ती ग्रामसभेत आपोआप निर्णयात उतरत नसे. सर्वसहमतीचे तत्त्व विनोबांच्या सर्वोदय विचारातून आले आणि गोंडांच्या जुन्या जातपंचायतीच्या रीतीशीही ते जुळणारे होते. अभ्यासगट ही मात्र नवी भर होती, आणि तिच्यामुळे सहमतीला नुसत्या मूक संमतीचे रूप आले नाही.

विषय गावातूनच निघत गेले. गोटुल, म्हणजे तरुणतरुणींच्या एकत्र येण्याचे आणि शिकण्याचे गोंडांचे पारंपरिक घर, पुन्हा बांधण्यासाठी सागवान वापरले म्हणून वनखात्याने हरकत घेतली, तेव्हा आजूबाजूची गावेही मेंढाच्या बाजूने उभी राहिली. दारूचा विषय स्त्रियांनी काढला आणि तो बराच काळ चर्चेत राहिल्यावर निर्बंध आले. निस्तार हक्क, म्हणजे घरगुती गरजेपुरते लाकूड, बांबू, चराई यांसाठी जुन्या मध्य प्रांतातील गावांना मिळालेले हक्क, अभ्यासगटात आले. गाव पिढ्यान्‌पिढ्या जे रीत म्हणून करत आला होता त्यातील बरेचसे सरकारी दप्तरात हक्क म्हणून नोंदलेले आहे, हे कळल्यावर वनरक्षकाशी बोलण्याचा सूरच बदलला. मधाचेही तसेच झाले. आग लावून पोळे जाळण्याच्या रीतीने माश्या मरत. त्याऐवजी रात्री, संरक्षक पोशाख घालून, पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापून घेण्याची पद्धत गावातील माणसे शिकली. पोळ्यातील अंडी-अळ्यांचा भाग तसाच राहिला की माश्या पोळे सोडत नाहीत आणि त्याच पोळ्यावर पुन्हा मध धरतो, हे त्यांनी स्वतः झाडावर चढून पाहिले.

जंगलातील बांबूचा प्रश्न सर्वांत चिवट निघाला. इथला बांबू शासनाने कागद कारखान्याला तोडीसाठी दिलेला होता, आणि गावकऱ्याने मात्र घराच्या कुडासाठी चार बांबू आणले तर त्याला जाब द्यावा लागे. १९९२ साली राज्याने संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय काढला तेव्हा तो उजाड झालेल्या जंगलांपुरता होता. चांगले जंगल राखणाऱ्या गावाला त्यात जागा नव्हती. राखणाऱ्याला वगळून उजाड करणाऱ्याला सवलत देणारी ही तर्कसंगती मेंढाने प्रश्न विचारून विचारून उघडी पाडली आणि अखेर आपला समावेश करून घेतला. पुढे वनहक्क कायदा २००६ साली संमत होऊन त्याचे नियम २००८ च्या आरंभी लागू झाले. तेव्हा बहुतेक गावांना सामूहिक वनहक्क म्हणजे काय हे समजून घेण्यापासून सुरुवात करावी लागली. मेंढाकडे मात्र सीमा, वापर, वनस्पती आणि जुने हक्क यांची वीस वर्षांची नोंद तयार होती. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क गावाला मिळाला, आणि देशातील अशा पहिल्या गावांत मेंढा गणले गेले.

हक्क मिळाला तरी बांबू जंगलाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनखाते सोडेना, कारण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती आणि वनहक्क कायद्यात तोच बांबू गौण वनोपज होता. एका कायद्यातले झाड दुसऱ्या कायद्यात वनोपज कसे, या कोड्यावर गावाने दोन वर्षे पत्रव्यवहार केला आणि सत्याग्रहही केला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. या प्रसंगाची छायाचित्रे आणि बातम्या देशभर झळकल्या. पुस्तक हाती आल्यावर निविदा कशी काढायची, तोडीची मजुरी किती ठरवायची, बँकेतील पैशाचा हिशेब कोणी पाहायचा आणि ग्रामसभेला कर कसा लागू होतो, हे विषय अभ्यासगटापुढे आले, याची मात्र फारशी बातमी झाली नाही.

ही पद्धत सर्वत्र का पसरली नाही, असा प्रश्न स्वाभाविक आहे. मेंढा हे शंभरएक घरांचे, बहुतांशी एकाच जमातीचे आणि जमिनीच्या मालकीत फार मोठी दरी नसलेले गाव आहे. जिथे गावातच सावकार आणि कूळ, मालक आणि मजूर समोरासमोर बसतात, तिथे सर्वसहमती हा बलवानाचा नकाराधिकार ठरण्याचा धोका असतो, आणि भूमिसेनेने मालकांना सोबत घेऊन नव्हे तर वगळून शिबिरे भरवली याचे कारण तेच होते. जामखेडची रचना जातींत विभागलेल्या गावांत चालली, पण तिला रुग्णालयाचा, म्हणजे बाहेरच्या पैशाचा आणि प्रतिष्ठेचा आधार होता. वेळेचा खर्च तर तिन्ही ठिकाणी मोठा होता. वर्षाअखेर खर्चाचा आणि उद्दिष्टपूर्तीचा अहवाल मागणाऱ्या देणगीदाराला किंवा जिल्हा परिषदेला, अमुक विषयावर आठ महिने चर्चा झाली आणि अद्याप निर्णय नाही, हे पटवणे जवळजवळ अशक्य असते. मेंढाने सुरुवातीपासून बाहेरचा निधी बेताने घेतला, त्यामागे तत्त्वाइतकाच हा व्यवहारही असावा.

२०१३ साली मेंढाने महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली गावातील सर्व खासगी शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. भूदान-ग्रामदानाचा काळ केव्हाच ओसरला होता आणि हा कायदा पुस्तकात पडून होता. जमीन गावाबाहेर विकता येणार नाही हे बंधन स्वीकारताना प्रत्येक घराला कर्ज, वारसा आणि मुलींचा वाटा यांच्याविषयी शंका होत्या. त्या शंकांसाठी अधिनियमाची कलमे अभ्यासगटात एकेक करून वाचली गेली, आणि विषय ग्रामसभेच्या निर्णयासाठी आला तो त्यानंतर.